युद्धाच्या देशात मदतीला जायचंय? नाशिकहून निघण्याआधी हे वाचा

युक्रेन, गाझा, सुदानच्या बातम्या बघून जीव कळवळतो आणि मग कुणीतरी विचारतं, 'आपल्याला तिथं जाऊन काही करता येईल का?' मी नाशिकमध्ये प्रथमोपचाराचे आणि मदतकार्याचे वर्ग घेतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे बरेचदा येतो. विचारणाऱ्यांत सातपूरच्या कारखान्यात मेन्टेनन्स सांभाळणारा फिटर असतो, नुकतंच नर्सिंग संपवलेली मुलगी असते, बँकेतून निवृत्त झालेले काका असतात. लढायला कुणालाच जायचं नसतं. कुणाला स्वयंपाकघरात उभं राहायचं असतं, कुणाला गोदामातली खोकी उचलायची असतात, कुणाला जखमींची शुश्रूषा करायची असते. ही इच्छा मला फार मोलाची वाटते. ती वाया जाऊ नये आणि कुणी तिचा गैरफायदा घेऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. युद्ध चालू असलेल्या गावात पोचलेल्या प्रत्येकाला पाणी लागतं, झोपायला जागा लागते, आजारी पडला तर खाट लागते. हे सगळं तिथल्या लोकांच्या वाट्यातून येतं. म्हणून एखाद्या जबाबदार संस्थेनं ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीसाठी, लेखी बोलावल्याशिवाय निघायचं नाही. स्वतःच तिकीट काढून सीमेवर उतरायचं आणि 'काही काम आहे का' म्हणून विचारत फिरायचं, असं केलं की तुमची सोय लावणं हेच तिथल्या दमलेल्या माणसांचं आणखी एक काम होऊन बसतं.

पहिली पायरी : 'हेल्पर' हा शब्द दिसला की थांबा

सुरुवात सगळ्यात धोक्याच्या गोष्टीपासून करतो. रशिया-युक्रेन युद्धात भारतातल्या अनेक तरुणांना 'आर्मी हेल्पर', 'सिक्युरिटी गार्ड', 'लढायचं नाही, फक्त मदतनीस' असं सांगून रशियाला नेण्यात आलं. तिथं पोचल्यावर रशियन भाषेतल्या करारावर सह्या घेतल्या, थोडंफार प्रशिक्षण दिलं आणि काहींना थेट आघाडीवर पाठवलं. मार्च २०२४ मध्ये सीबीआयनं मानवी तस्करीचा गुन्हा नोंदवून अनेक शहरांत छापे घातले. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मॉस्को भेटीत हा विषय काढला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं दिलेली माहिती अशी होती : रशियन सैन्यात गेलेल्या १२६ भारतीयांची प्रकरणं समोर आली, त्यातले १२ जण मरण पावले आणि १६ बेपत्ता होते.

ही मुलं लोभी नव्हती. घरची परिस्थिती सुधारावी म्हणून निघालेली, आपल्यासारख्याच घरांतली होती. त्यामुळे 'आपण नाही फसणार' असं धरून चालू नका. करारातला दुसरा पक्ष कोणत्याही देशाचं लष्कर, संरक्षण खातं किंवा खासगी सुरक्षा कंपनी असेल तर ते काम मदतकार्य नाही. मग ते तुम्हाला स्वयंपाकी म्हणोत, ड्रायव्हर म्हणोत नाहीतर खंदक खणणारा मजूर. लष्कराच्या छावणीतला स्वयंपाकी समोरच्या बाजूला लष्कराचाच माणूस दिसतो. एजंट पैसे मागतोय, 'टुरिस्ट व्हिसावर चला, पुढचं तिथं बघू' म्हणतोय, पासपोर्ट 'सांभाळायला' मागतोय, करार वाचता न येणाऱ्या भाषेत आहे, यातली एक जरी गोष्ट दिसली तरी तिथंच विषय संपवा. परदेशातल्या नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदणी झालेला आहे का, हे ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. खरी मदतसंस्था तर एजंट ठेवतच नाही.

कायद्याचंही भान असू द्या. भारताशी सलोखा असलेल्या परदेशी राज्याविरुद्ध युद्ध करणं किंवा त्याला साहाय्य करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १५३ खाली गुन्हा आहे. बंदूक हातात न घेताही माणूस नकळत त्या वाटेला जाऊ शकतो.

दुसरी पायरी : आपल्या हातात काय आहे ते ओळखा

'मी काहीही करायला तयार आहे' हे वाक्य अर्जात लिहू नका. समोरचा ते वाचतो आणि पुढचा अर्ज उघडतो. त्याला हवा असतो ६० किलोव्होल्ट-अँपिअरचा डिझेल जनरेटर रात्री दोन वाजता बंद पडला तर चालू करणारा, पाचशे माणसांचं जेवण वेळेत उतरवणारा, रोजचा साठा कागदावर बिनचूक मांडणारा.

इथं नाशिकची माणसं कुठंही कमी नाहीत, फक्त त्यांना आपलं कसब या कामात चालतं हे ठाऊक नसतं. अंबड-सातपूरचा इलेक्ट्रिशियन, पंप दुरुस्त करणारा, वेल्डर यांना निर्वासित छावणीत डॉक्टरइतकीच मागणी असते. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम केलेल्यांबद्दल तर मी नेहमीच आग्रहानं सांगतो. माल शून्य अंशाच्या आसपास ठेवायचा, कंटेनरचं दार किती वेळ उघडं राहिलं यावर नजर ठेवायची, प्रत्येक खोक्यावरून बाग आणि तारीख सांगता आली पाहिजे, ही शिस्त पिंपळगाव-दिंडोरीकडच्या पोरांच्या अंगात मुरलेली आहे. लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. त्याला हीच शिस्त लागते.

मदतीच्या गोदामात दिवस कसा जातो ते जरा जवळून सांगतो, कारण बहुतेक नवख्यांच्या वाट्याला हेच येतं. ट्रक येतो. उतरवण्याआधी चलन आणि माल ताडून बघायचा. फाटलेली, भिजलेली खोकी वेगळी काढून त्यांची वेगळी नोंद करायची. प्रत्येक थप्पीला एक बिन कार्ड लटकवलेलं असतं. त्यावर तारीख, किती आलं, किती गेलं, किती उरलं आणि सही. थप्पी भिंतीला चिकटवायची नाही, मध्ये माणूस जाईल इतकी फट ठेवायची, म्हणजे उंदीर आणि ओल दिसते. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढायचं, आलेल्या क्रमानं नाही. संध्याकाळी कार्डावर ४० आणि थप्पीत ३९ असतील तर ते एक खोकं सापडेपर्यंत कुणी जेवायला जात नाही. गोदामातला माल 'गायब होतो' अशी कुजबुज गावात सुरू झाली की लोकांचा संस्थेवरचा विश्वास जातो, आणि युद्धाच्या गावात तो विश्वास हेच संस्थेचं मोठं संरक्षण असतं. या कामाचे फोटो कुणी काढत नाही. मला मात्र ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

वैद्यकीय क्षेत्रातल्यांनी एक लक्षात घ्या. आपली महाराष्ट्रातली नोंदणी दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. तिथल्या सरकारची परवानगी लागते आणि ती संस्था मिळवून देते. विद्यार्थ्यांनी तर 'तिकडं जास्त हात साफ होईल' हा विचार मनात आणू नये. युद्धातला जखमी माणूस सरावासाठी नसतो.

तिसरी पायरी : दार कोणतं ठोठवायचं

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएन व्हॉलंटिअर्स, हा सगळ्यात सरळ रस्ता. मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे आणि १९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावानं तो सुरू झाला. त्यांच्या संकेतस्थळावर आपली माहिती भरून ठेवायची आणि जागा निघाली की अर्ज करायचा. १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी वेगळा गट आहे, त्यापुढच्यांना कामाचा अनुभव लागतो. महिन्याला निर्वाह भत्ता आणि विमा मिळतो. निवड व्हायला वेळ लागतो, म्हणून हातातली नोकरी सोडून वाट बघत बसू नका.

डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स ही १९७१ साली फ्रान्समध्ये उभी राहिलेली संस्था डॉक्टर-नर्सबरोबरच लॉजिस्टिक्स, पाणी-स्वच्छता आणि हिशेब बघणारी माणसंही घेते. दिल्लीत तिचं कार्यालय आहे. तिथं अनुभव लागतो, मुदत महिन्यांची असते आणि मानधन मिळतं. दोन आठवड्यांच्या सुट्टीत जाऊन येण्यासाठी ही जागा नाही.

रेडक्रॉसबद्दल गैरसमज फार आहे. नाशिकमध्ये रेडक्रॉस सिग्नल सगळ्यांना ठाऊक, पण रेडक्रॉसचं काम देशोदेशीच्या राष्ट्रीय संस्थांमधून चालतं हे कमी जणांना माहीत असतं. संघर्षाच्या देशात बहुतेक काम तिथलेच स्वयंसेवक करतात. बाहेरून जाणारे मोजके आणि मुरलेले असतात. तुम्ही इथल्या शाखेशी जोडून घ्या, प्रथमोपचार शिका, रक्तदान शिबिरं चालवा. पुढं अर्ज करताना ही नोंद उपयोगी पडते. आणि कृपा करून टी-शर्टवर, गाडीवर स्वतःच्या मनानं लाल क्रॉस छापू नका. ते चिन्ह जिनिव्हा करारांनी संरक्षित आहे आणि आपल्याकडेही १९६० च्या कायद्यानं त्याच्या अनधिकृत वापराला बंदी आहे. चिन्हाचा गैरवापर झाला की खऱ्या अँब्युलन्सवर संशय घेतला जातो.

जेवणाची सेवा करणाऱ्या संस्थांमध्ये थोड्या मुदतीच्या स्वयंसेवकांना वाव जास्त असतो. २०२२ मध्ये पोलंडच्या सीमेवर वर्ल्ड सेंट्रल किचन, खालसा एड आणि बीएपीएस या स्वामीनारायण संस्थेच्या स्वयंसेवकांनी गरम जेवण दिलं. त्यात युरोपात राहणारे भारतीय बरेच होते. तुमचे नातेवाईक तिकडे असतील तर ही वाट विचारून बघा.

छोट्या, नव्या संस्थांचं बोलावणं आलं तर नीट चौकशी करा. त्या देशात नोंदणी आहे का? मागच्या वर्षीचा ताळेबंद मिळेल का? आमच्यावर हल्ला झाला, आम्ही आजारी पडलो, तर बाहेर काढण्याची योजना काय? आधी जाऊन आलेल्या दोघांचे फोन नंबर द्याल का? चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. 'कशाला एवढा विचार करता, या तर खरं' असं उत्तर आलं तर जाऊ नका. अनाथाश्रमात 'दोन आठवडे मुलांशी खेळा' म्हणून पैसे घेणाऱ्या संस्थांपासून चार हात लांब राहा. ज्या मुलांनी आधीच माणसं गमावली आहेत, त्यांना लळा लावून निघून जाणं हे क्रूर आहे.

आपल्याकडचं एक उदाहरण मला कायम डोळ्यांसमोर ठेवावंसं वाटतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते एकटे, उत्साहाच्या भरात गेले नाहीत. चीनकडून मदतीची मागणी आली, काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक निवडून पाठवलं, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. तिथं कोटणीसांनी चिनी भाषा शिकली आणि पथकातले काही जण परतल्यावरही ते थांबले. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच त्यांचा अंत झाला. त्यांच्या त्यागाबद्दल सगळे बोलतात. बोलावणं, पथक आणि भाषा या तीन गोष्टी त्यांच्याकडून घ्याव्यात असं मला वाटतं.

चौथी पायरी : नाशिकमध्येच शिकून घ्या

हा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो आणि खाल्लाच पाहिजे. सहा महिने तरी धरा.

प्रथमोपचार आधी. सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबत राहणं), बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणं, भाजणं, मोडलेलं हाड आणि रक्तस्राव. युद्धक्षेत्रात रक्तस्रावाचं महत्त्व फार, कारण मोठी रक्तवाहिनी तुटलेला माणूस काही मिनिटांत जातो. हातापायातून रक्त उसळत असेल तर टूर्निकेट, म्हणजे दांडीनं पिळून आवळायचा पट्टा, जखमेच्या दोन-तीन इंच वर बांधायचं, गुडघ्यावर किंवा कोपरावर बांधायचं नाही. रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची, बांधल्याची वेळ त्यावरच लिहायची आणि डॉक्टर म्हणेपर्यंत सोडायचं नाही. वर्गात मी हे अंधारात आणि एका हातानं करायला लावतो. पहिल्यांदा सगळ्यांचीच तारांबळ उडते. हातांना सवय होईपर्यंत करत राहा.

दुसरं, नागरी संरक्षण दल. ७ मे २०२५ ला देशभर जी नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली त्या यादीत नाशिक, सिन्नर आणि मनमाड होती. स्वयंसेवकांना आग विझवणं, ढिगाऱ्यातून माणूस काढणं, स्ट्रेचर उचलणं, भोंगा वाजल्यावर लोकांना हलवणं हे शिकवतात. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा.

तिसरं, सिंहस्थ. हे नाशिककरांच्या नशिबात आहे आणि बहुतेक गावांना मिळत नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये मुख्य पर्वण्या. लाखो माणसं थोड्या जागेत आली की पाणी, शौचालयं, अन्नछत्र, हरवलेली माणसं, चेंगराचेंगरीची भीती हे सगळे प्रश्न छावणीसारखेच उभे राहतात. मदतकार्यात जगभर 'स्फिअर' नावाची मानकं वापरतात. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक शौचालय, डोक्यावरच्या छपराखाली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला २१०० कॅलरी. हे आकडे पाठ करा आणि साधुग्राममध्ये किंवा एखाद्या अन्नछत्रात सेवेला उभे राहा. एका नळावर रांग किती मिनिटांची होते, शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा नसेल तर बाया रात्री जायचं का टाळतात, हे तिथं डोळ्यांनी दिसतं. अर्जात 'कुंभात पाण्याच्या वाटपाचं काम केलं' असं लिहिता आलं तर त्याला वजन असतं.

बाकीचं घरबसल्या होतं. संयुक्त राष्ट्रांचा 'बीसेफ' हा सुरक्षेचा अभ्यासक्रम, 'काया' आणि 'डिझास्टररेडी' या मंचांवरचे मदतकार्याचे कोर्स फुकट आहेत. मानसिक प्रथमोपचारावर जागतिक आरोग्य संघटनेची पुस्तिका आहे. तिचं सार तीन गोष्टींत येतं : आजूबाजूला बघा, ऐकून घ्या, योग्य ठिकाणी जोडून द्या. भाषेचं म्हणाल तर इंग्रजी लागतंच, आणि आफ्रिकेसाठी फ्रेंच किंवा पश्चिम आशियासाठी अरबी थोडी जरी आली तरी अर्ज वर सरकतो. गाडी चालवता येत असेल तर पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, तो एक वर्ष चालतो. उजव्या बाजूनं चालवायची सवय मात्र तिथं जाऊनच करावी लागते.

पाचवी पायरी : कागद, विमा, लस

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे किमान सहा महिने हवी आणि कोरी पानं हवीत. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'इमिग्रेशन चेक' लागू असतो. जॉर्डन, लेबनॉन, इराक, सुदान अशा १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना वेगळी परवानगी लागते. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवेतूनच मिळतो. मुलांबरोबर काम असेल तर तो हमखास मागतात. पदवी, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी यांवर अ‍ॅपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून घ्यायला दिवस लागतात, आधीच सुरू करा.

व्हिसा कामाला साजेसाच हवा. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर विनामोबदला कामसुद्धा चालत नाही. बहुतेक व्हिसा केंद्रं मुंबईत आहेत. सकाळची पंचवटी पकडून दादरला उतरायचं आणि बीकेसी गाठायचं, हे नाशिककरांना नवं नाही. फक्त अपॉइंटमेंट दुपारची घ्या.

विम्यावर मात्र जरा थांबतो. साध्या प्रवास विम्यात 'युद्ध आणि युद्धसदृश परिस्थिती' वगळलेली असते. पॉलिसीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. म्हणजे जिथं गरज पडणार तिथंच विमा नाही. संस्थेला लेखी विचारा : युद्धक्षेत्रातली इजा, जखमीला विमानानं हलवण्याचा खर्च आणि मृत्यू, तिन्ही धरले आहेत का? उत्तर गुळमुळीत आलं तर गोड बोलून नकार द्या.

ही भीती दाखवण्यासाठी लिहीत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगभर ३८३ मदत कर्मचारी मारले गेले, जवळपास निम्मे गाझात. त्यात बहुसंख्य त्या त्या देशांतलेच होते. १ एप्रिल २०२४ ला गाझात वर्ल्ड सेंट्रल किचनचे सात जण मारले गेले, गाड्यांवर संस्थेचं नाव असूनही. २०१५ मध्ये अफगाणिस्तानात कुंदूझच्या रुग्णालयावर हल्ला झाला, त्यात ४२ माणसं गेली. 'आपण मदत करणारे, आपल्याला कोण मारेल' हा समज घरीच सोडून जा.

लसींचं थोडक्यात : धनुर्वात, हिपॅटायटिस ए आणि बी, टायफॉइड. सुदान, दक्षिण सुदान, काँगो अशा देशांसाठी पीतज्वराची लस आणि तिचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, आणि ते नसेल तर परतताना भारतातच तुम्हाला वेगळं ठेवू शकतात.

सहावी पायरी : घरचे आणि पैसे

आई-बाबांना निघायच्या आदल्या आठवड्यात सांगू नका. पहिला अर्ज करतानाच सांगा, संस्थेच्या माणसाशी त्यांचं बोलणं करून द्या. घरातला एकच जण 'संपर्काचा माणूस' ठरवा. संस्थेनं फोन करायचा तो त्यालाच, आणि त्यानं बाकीच्यांना सांगायचं. दिवसाआड एक मेसेज असं ठरलं असेल तर तो चुकल्यावर किती तासांनी कुणाला विचारायचं हेही ठरवा, नाहीतर नेटवर्क गेलं की घरात रडारड सुरू होते. बँकेत, पीएफमध्ये नॉमिनी तपासा, मृत्युपत्र करा, बँकेच्या आणि जागेच्या कामासाठी विश्वासातल्या माणसाला कुलमुखत्यारपत्र द्या. मृत्युपत्राचं नाव काढलं की घरात अशुभ वाटतं, मला ठाऊक आहे. तरी करा.

पोचल्यावर भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवा. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे, त्याचा पत्ता घरच्यांकडेही असू द्या.

मित्रमंडळी, गणेश मंडळ पैसे जमवून देतो म्हणतील. ते स्वतःच्या खात्यावर किंवा यूपीआयवर घेऊ नका. धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. सरळ नोंदणीकृत संस्थेला द्यायला सांगा. आणि कपड्यांची गाठोडी नकोतच. विमानाच्या भाड्यात तिथं नवी घोंगडी येतात.

सामान स्वतःला दोन मजले चढवता येईल एवढंच. जाड तळाचे बूट, डोक्याचा दिवा, पॉवर बँक, तीन महिन्यांची रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, कागदांच्या प्रती, रक्तगट लिहिलेलं कार्ड. लष्करी रंगाचे, छाप्याचे कपडे अजिबात नकोत, बॅगसुद्धा नको.

सातवी पायरी : तिथं असताना

पहिला आठवडा ऐका आणि सांगितलेलं करा. तुमचा प्रमुख बहुधा तिथलाच माणूस असेल, कदाचित वयानं लहान. त्याचं घर पडलेलं असेल, तरी तो रोज कामावर येत असेल. त्याला आपल्या सूचना पहिल्याच दिवशी देऊ नका.

सुरक्षेचे नियम वाद न घालता पाळा. भोंगा झाला आणि तळघर गाठायला वेळ नसेल तर खिडकीपासून दूर, बाहेरच्या बाजूला दोन भिंती आड येतील अशा जागी बसायचं, बहुतेक घरांत ती जागा बोळ नाहीतर न्हाणीघर असते. स्फोटात पहिली भिंत आघात घेते, दुसरी तिचे तुकडे अडवते. रस्ता सोडून शेतात, पडक्या घरात, गवतात पाऊल टाकू नका. कितीही निरुपद्रवी दिसणारी धातूची वस्तू उचलू नका.

फोटोंचं तर घरूनच ठरवून जा. तपासणी नाके, सैनिक, पूल, नुकताच पडलेला बॉम्ब यांचे फोटो काढायचे नाहीत. युक्रेनमध्ये लष्करी हालचालींची माहिती पसरवणं २०२२ पासून गुन्हा आहे. रांगेत उभ्या माणसांचे चेहरे, लहान मुलं यांचेही नकोत. जेवणासाठी हात पुढं केलेल्या अवस्थेत आपल्या आईचा फोटो कुणी जगभर फिरवला तर आपल्याला कसं वाटेल?

कोण बरोबर, कोण चूक यावर तिथं बोलायचं नाही. फेसबुकवरही नाही. रेडक्रॉसच्या सात तत्त्वांत निःपक्षता आणि तटस्थता आहेत, त्या याच कारणासाठी : दोन्ही बाजूंच्या नाक्यांवरून अँब्युलन्स जाऊ दिली गेली पाहिजे. मनात मत असू द्या, माणसाला ते असणारच. आणि कुणालाही शब्द देऊ नका. 'तुमच्या मुलाला शोधून देतो', 'भारतात नेतो', 'उद्या औषध आणतो' यातलं जे तुमच्या हातात नाही ते बोलायचं नाही.

ज्यांना जाणं जमणार नाही

घरची जबाबदारी असेल, तब्येत साथ देत नसेल, तर इथूनही खरं काम होतं. मिसिंग मॅप्स या प्रकल्पात उपग्रहाच्या चित्रांवरून घरं आणि रस्ते नकाशावर काढतात, म्हणजे मदतीच्या पथकांना गावं सापडतात. यूएन व्हॉलंटिअर्सच्या ऑनलाइन कामांत भाषांतर, संगणक, हिशेब असं पुष्कळ असतं. गंगापूर रोडवरच्या आपल्या घरातून रोज एक तास दिला तरी चालतो. हे दुय्यम समजू नका.

आठवी पायरी : परतल्यावर

निघण्याआधी आपल्या जागी येणाऱ्यासाठी चार पानांची टिपणं लिहून ठेवा : कोणतं कुलूप अडकतं, कोणता पुरवठादार उशीर करतो, साठ्याचा शेवटचा आकडा काय. घरी आल्यावर लगेच व्याख्यानं, सत्कार घेऊ नका. पहिले काही आठवडे झोप लागत नाही, फटाक्यांनी दचकायला होतं, लग्नातलं उष्टं अन्न बघून संताप येतो. हे बहुतेकांना होतं आणि हळूहळू कमी होतं. महिन्याभरानंतरही तसंच राहिलं, दारू वाढली, माणसं नकोशी झाली, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तिथं मराठीतही बोलता येतं, नाहीतर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. घरच्यांनी 'आता विसर ते' म्हणू नये, सांगेल तेव्हा ऐकावं.

आणि आफ्रिकेतून आला असाल तर पुढचे काही महिने साध्या तापालाही 'व्हायरल असेल' म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना कोणत्या देशातून, कधी आलात ते पहिल्याच वाक्यात सांगा आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.